जोत्यापर्यंतचा माणूस

बांधकाम चालू असलेल्या कुठल्याही जागेसमोर, पत्र्याच्या कुंपणात जिथे फट असते नेमकी तिथे, एक माणूस उभा असतो. पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी, हात पाठीशी बांधलेले आणि मान किंचित तिरकी. त्याला कोणी बोलावलेलं नसतं. त्या इमारतीत त्याचा फ्लॅट नसतो, भागीदारी नसते, दुकानाचा गाळा नसतो. तरी तो रोज येतो, आत काय चाललंय ते बघतो आणि रोज नव्या कारणासाठी दुःखी होऊन घरी जातो.

पुण्यात आमच्या सोसायटीला लागून असलेली एक जुनी बिल्डिंग पाडून तिथे तेरा मजली टॉवर उभा राहायला लागला, तेव्हा हा माणूस आमच्या वाट्याला आला. तसे काका निवृत्तीपासून आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होते. पण तोवर ते कोणाच्या अध्यातमध्यात नसत. सकाळी फिरायला जात, येताना कोथिंबीर आणत, दुपारी पेपरातली टेंडर नोटीस वाचता वाचता झोपत. शेजारी पहिला जेसीबी घरघरला आणि काकांच्या गालांवर तेज आलं. खड्ड्यात मुरूम लागला का पक्का खडक, हे त्यांनी गॅलरीतून नुसत्या आवाजावरून सांगितलं. संध्याकाळी खाली जाऊन खात्री केली. बरोबर निघालं. त्या दिवसापासून कोथिंबीर काकूच आणतात.

१९८० साली पदविका घेऊन काका खात्यात लागले. 'खातं' म्हणजे सार्वजनिक बांधकाम खातं. सरकारची बाकी जी काही खाती असतील त्यांना ते 'ऑफिसं' म्हणतात. लागले कनिष्ठ अभियंता म्हणून आणि निवृत्त झाले उपअभियंता म्हणून, पण गावाकडे खात्यातला कुठलाही माणूस ओव्हरसियरच असतो. आमच्याकडेही तेच नाव पडलं, ओव्हरसियरकाका. त्यांना ते मनापासून आवडतं. उपअभियंता सह्या करतो आणि ओव्हरसियर उन्हात उभा राहतो, असा त्यांचा सरळ हिशेब आहे.

त्यांच्या पिशवीत काय असतं हे सोसायटीतली पोरंसुद्धा सांगतील. एक पितळी ओळंबा, पाच मीटरचा टेप, एक लांब खिळा, एक काचेचा ग्लास आणि एक जुनं जाड नाणं. खिळा विटेसाठी. चांगल्या भाजलेल्या विटेवर ओरखडा उठता कामा नये. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज आला पाहिजे, आणि मीटरभर उंचीवरून सोडलेली वीट फुटता कामा नये. ही परीक्षा काकांनी सातारा जिल्ह्यातल्या अनेक भट्ट्यांवर घेतली आहे. भट्टीवाले त्यांना येताना बघून आधी फुटलेल्या विटांचे पैसे मागून घेत, असं ते स्वतःच अभिमानानं सांगतात. वीट रात्रभर पाण्यात ठेवून वजन करायचं, आधीच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायली तर परत पाठवायची. घरी काकूंचा वजनकाटा याच कामात बिघडला.

ग्लास वाळूसाठी. ग्लासात वाळू घालायची, पाणी ओतायचं, ढवळायचं आणि सोडून द्यायचं. वाळू खाली बसते, गाळ तिच्यावर थर धरतो. थर जाड दिसला की काका ग्लास ट्रकवाल्याच्या डोळ्यांसमोर धरतात आणि काहीच बोलत नाहीत. या मौनाला ट्रकवाले फार घाबरत, म्हणे. वाळूची दुसरी लबाडी ओलीची. दमट वाळू फुगते, कोरडीपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त जागा अडवते, आणि पाण्यात पुरती बुडवली की पुन्हा निमूटपणे मूळ आकारावर येते. आपल्याकडे वाळू ब्रासवर विकली जाते, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. "त्यातली वीस घनफूट हवा," काका म्हणतात, "आणि हवेला वाळूचा भाव!" नाणं फरशीसाठी आहे. टाइलवर ठोकायचं, खाली पोकळी असली तर आवाज भद्द येतो. सोसायटीत ज्याच्या ज्याच्या घरी काका चहाला गेले, त्याला त्याला आपल्या घरातल्या पोकळ टाइल्स पाठ झाल्या आहेत. त्यांच्यावर पाय देताना लोक अजून बिचकतात.

पण काकांचं खरं दैवत पाणी.

सिमेंटच्या बाबतीत जगानं पाण्याचा उलटा व्यवहार केला आहे, हे त्यांचं आयुष्यभराचं दुखणं आहे. माल कालवताना पाणी बेतानं घालायचं असतं, आणि काँक्रीट ओतून झाल्यावर हात सैल सोडून मारायचं असतं. लोक कालवताना सढळ हातानं ओततात, कारण पातळ माल घमेल्यातून सुळकन पडतो आणि थापीला जड जात नाही. आणि नंतर पाणी मारायची वेळ आली की टँकर महाग पडतो. पन्नास किलोची एक गोणी, तिला साधारण पंचवीस लिटर पाणी. त्यातही सिमेंटला दगड व्हायला लागतं ते निम्म्याच्या आसपास. बाकीचं नुसतं माल हलता राहावा म्हणून. हे जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि जागा रिकामी ठेवून जातं. पाण्याचं सिमेंटशी प्रमाण वाढलं की ताकद घटते, हा नियम अमेरिकेत डफ अब्राम्सनं १९१८ साली मांडला. काका त्याचं नाव घरात इतक्या वेळा घेत की काकूंना बरीच वर्षं अब्राम्स हा खात्यातलाच कोणी कडक साहेब वाटत होता. एकदा तर त्यांनी त्याला दिवाळीच्या फराळाला बोलवा म्हणून सुचवलं होतं.

"सिमेंट वाळत नाही," हे वाक्य काका दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवतात. लिफ्टमध्ये, केशकर्तनालयात, दूधवाल्याला. सिमेंट वाळून घट्ट होतं ही गैरसमजूत त्यांना जातीभेदाइतकीच समाजघातक वाटते. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. त्यात उष्णता निघते, स्फटिक धरतात, आणि हे काम दिवसचे दिवस चालतं. पहिल्या सात दिवसांत दोन-तृतीयांश ताकद येते, अठ्ठाविसाव्या दिवशी ठरलेली. मधल्या दिवसांत पाणी तोडलं तर ते काम तिथेच थांबतं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओल हवी, राख मिसळलेल्याला दहा, आणि आपल्याकडच्या वैशाखात त्याहून जास्त. "लेकरू आजारी असतं तर चौथ्या दिवशी औषध बंद केलं असतं का?" असं ते मुकादमाला विचारतात. मुकादम 'नाही' म्हणतो आणि पाण्याचा पाइप पुढच्या मजल्यावर नेतो.

टॉवरवर माल कालवण्याचा प्रश्नच नव्हता. काँक्रीट प्लँटवरून तयार होऊन, ढोल फिरवत येणाऱ्या गाडीतून यायचं. काकांना सुरुवातीला हा प्रकार मुळीच पटला नाही. जे आपल्यासमोर कालवलं नाही ते खायचं नाही, हा त्यांच्या आईचा नियम त्यांनी काँक्रीटलाही लावला होता. खरं सांगायचं तर इथे काका मागे होते. प्लँटवर खडी, वाळू, सिमेंट सगळं वजनानं मोजलं जातं. जागेवर घमेल्यानं मोजण्यापेक्षा ते कितीतरी नेमकं. पण गाडी जागेवर पोचल्यावर जे होतं तिथे काकांचा संशय शंभर टक्के खरा निघाला.

गाडी आली, पंप लागला. ड्रायव्हरनं मागची पाण्याची नळी हातात घेतली, आणि कुंपणाच्या फटीतून आवाज आला, "ए, थांब!"

"काका, माल घट्ट झालाय. ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. पंप चोक होईल."

"होऊ दे. पंप दुरुस्त होतो, कॉलम होत नाही."

"थोडंसंच घालतो, एक बादली."

"एक बादली? त्या ढोलात सहा घनमीटर माल आहे, तुझं एक बादली कुठं थांबणार ते मला ठाऊक आहे. घट्ट असेल तर प्लँटवरनं केमिकल मागव, ते किती घालायचं ते ठरलेलं असतं. पाणी नाही. बोलाव तुझ्या साहेबाला."

साहेब म्हणजे एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. बी. ई. झालेला, डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात टॅब. काका त्याला 'साहेब' म्हणतात आणि तो काकांना 'सर' म्हणतो, त्यामुळे दोघांनाही आपण बोलणी खातोय असं वाटत राहतं. मुलगा मात्र भला होता. त्यानं स्लम्पचा शंकू मागवला. तीनशे मिलिमीटर उंचीचं ते पत्र्याचं भांडं. त्यात काँक्रीट ठोसत भरायचं, भांडं सरळ वर उचलायचं, आणि ढीग किती खचला ते मोजायचं. फार खचला तर माल पातळ, अजिबात खचला नाही तर पंपातून जायचा नाही. सगळे वाकून बघत होते. ढीग पंपाला हवा तेवढाच खचला होता. पाण्याची गरज नव्हती, ड्रायव्हरला घरी जायची घाई होती, एवढंच. काका कुंपणाच्या या बाजूला होते, त्यांना फटीतून आकडा दिसला नाही. साहेबानं तो ओरडून सांगितला. काकांनी पिशवीतून डायरी काढून लिहून घेतला आणि खाली तारीख टाकून सही केली. ही सही कशासाठी, ते कोणीच विचारलं नाही.

क्यूब हा काकांचा आणखी एक हळवा विषय. प्रत्येक काँक्रीटमधून दीडशे मिलिमीटरचे घन भरून ठेवतात, पाण्यात बुडवून ठेवतात, आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. एम-तीस म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला तीस न्यूटन दाब सोसणारं. काकांचं म्हणणं असं की क्यूब नेहमीच पास होतात, कारण ते शाळा तपासायला दिपोटी येणार म्हणून पुढच्या बाकावर आणून बसवलेल्या हुशार पोरांसारखे असतात. त्यांना चांगला माल मिळतो, नीट ठोकून भरलं जातं, आठवडेच्या आठवडे पाण्यात डुंबायला मिळतं. मागच्या बाकावरचा कॉलम तिकडे उन्हात उभा असतो, त्याला कोणी विचारत नाही. हे बोलताना काकांचा आवाज थोडा बदलतो. शाळेत ते स्वतः मागच्या बाकावर बसत.

नव्या गोष्टींशी त्यांचं भांडण कसं सुरू होतं आणि कसं मिटतं, हेही बघण्यासारखं असतं. भिंतीसाठी विटांऐवजी पांढरट राखाडी ब्लॉक आले. काकांनी वॉचमनकडून एक मागून आणला आणि घरी बादलीत टाकला. ब्लॉक तरंगला. काका पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. "दगड तरंगले ते एकदाच," ते म्हणाले, "आणि ते काम खात्याकडे नव्हतं." दुसऱ्या दिवशी साहेबानं त्यांना समजावून सांगितलं. त्या ब्लॉकमध्ये अॅल्युमिनियमची पूड घातलेली असते, तिचा चुन्याशी संयोग होऊन वायू सुटतो आणि आत बारीक बारीक बुडबुडे राहतात. विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच त्याचं वजन. भिंत हलकी, म्हणजे बीमवर बोजा कमी, कॉलमवर कमी, पायावर कमी, आणि भूकंपात हलणारं वस्तुमानही कमी. काका काही बोलले नाहीत. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीत दिवा होता. सकाळी कुंपणाशी आले ते हातात कागद घेऊन. तेरा मजल्यांच्या भिंतींचं एकूण वजन दोन्ही प्रकारे काढलेलं. कागद फटीतून आत सरकवला आणि म्हणाले, "साहेब, पायाला बरं पडेल." काकांकडून मिळू शकणारं हे सर्वोच्च प्रशस्तिपत्र आहे. मात्र कॉलम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे गिलाव्याआधी जाळी मारा, नाहीतर उभी भेग पडेल, हेही त्याच कागदावर खाली लाल शाईत होतं.

अशा माणसाला समारंभाला नेणं हे घरच्यांच्या दृष्टीनं संकटच. लग्नाच्या हॉलमध्ये काका अक्षता टाकतात ते वर बघत, कारण त्यांना ट्रसचे बोल्ट मोजायचे असतात. जेवणाच्या पंगतीत शेजाऱ्याला सळईचं वजन शिकवतात. व्यासाचा वर्ग भागिले एकशे बासष्ट, म्हणजे मीटरमागे किलो. "बाराची घ्या. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, भागिले एकशे बासष्ट, पॉइंट आठ आठ नऊ. बारा मीटरची अख्खी सळई साडेदहा किलोच्या वर भरली पाहिजे. कमी भरली तर ती रोलिंग मिलमध्ये उपाशी राहिलेली आहे. जिलबी घ्या की." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा पोहे आले, मुलगी आली, प्रश्नोत्तरं झाली. परत येताना गाडीत वहिनींनी विचारलं, "भावोजी, कशी वाटली?"

"लिंटेलचं बेअरिंग कमी आहे."

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग काकांनी पोहे खाताना हेरली होती. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा निरुपद्रवी, बीमखाली आडवी जाते ती दोन वेगळ्या मालांच्या आकसण्याची. पण दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाते तिच्यामागे काहीतरी कारण असतं. लग्न ठरलं ते वेगळ्याच कारणानं. पण मुलीच्या वडिलांना काकांनी साखरपुड्यात बाजूला घेऊन भेगेवर काचेची पट्टी चिकटवायला सांगितली. पट्टी तडकली तर भेग जिवंत. व्याही घाबरले, त्यांना वाटलं ही देण्याघेण्याचीच काहीतरी सूचना आहे.

दरवर्षी १५ सप्टेंबरला काका गच्चीवर विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतात आणि भाषण करतात. विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, इंजिनिअर झाले आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याला बसले. काका हे सगळं 'आमच्या खात्यातले' अशा सुरात सांगतात, जणू दोघांची एकाच वर्षी बदली झाली होती. गेल्या खेपेला एका तरुण सभासदानं मध्येच विचारलं, "काका, तुमच्या खात्याला हे एवढं सगळं माहीत आहे, तर रस्त्यांना खड्डे का?"

गच्चीवर शांतता पसरली. काकू बटाटेवड्यांच्या ताटावरचं झाकण काढायला लागल्या, म्हणजे विषय बदलेल. पण काका शांत होते. म्हणाले, "माहीत असणं आणि मेजरमेंट बुकात लिहिणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. मी पहिली केली. म्हणून मला मोखाडा बघायला मिळालं, धडगाव बघायला मिळालं, एटापल्ली बघायला मिळालं. महाराष्ट्र फार सुंदर आहे." पुढे एवढंच जोडलं, "जे जमिनीखाली जातं त्याचं बिल मोठं असतं, आणि ते बघायला कोणी येत नाही. हे तुम्हाला सगळं सांगितलं." मग वडे खाल्ले. सिमेंट परमिटवर मिळायचं त्या काळात गावच्या सभामंडपासाठी चार गोण्या वळत्या करायला त्यांनी नकार दिला आणि निम्म्या भावकीनं बोलणं टाकलं, हे मला नंतर काकूंकडून कळलं. १९८२ मध्ये नियंत्रण सैल झालं, खुल्या बाजारात सिमेंट मिळायला लागलं. भावकी मात्र १९८९ पर्यंत, म्हणजे नियंत्रण पूर्ण उठेपर्यंत, बोलली नाही.

काकांचा हा वेडेपणा कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं नसताना. त्यांचं गाव पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या पुढे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. घर दगडमातीचं. वडिलांनी त्यांना उचलून अंगणात टाकलं आणि मागं वळून पाहिलं तर भिंत नव्हती. पुढचे कितीतरी दिवस गाव थंडीत उघड्यावर झोपलं. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री किल्लारीचा भूकंप झाला आणि काकांची रवानगी तिकडे झाली. तिथे त्यांनी दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती बघितल्या. बाहेरून दगडाची एक पाठ, आतून दुसरी, मध्ये माती आणि चिपा. दोन पाठींना जोडणारा एकही दगड आरपार गेलेला नाही. वर माळवदाची टनावारी माती. जमीन हलली तेव्हा दोन पाठी एकमेकींपासून सुटल्या आणि माळवद खाली आलं. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. "लोकांनी भिंत जाड केली होती, कारण जाड भिंत मजबूत वाटते," काका म्हणाले. "दर चार फुटांवर एक लांब दगड आरपार टाकायचा होता. आणि दाराच्या वर सगळ्या घराभोवती एक पट्टा. बास, एवढंच." मग बराच वेळ ते हातातल्या ओळंब्याची दोरी गुंडाळत राहिले, आणि मला एकदम म्हणाले, "लेखक, तुमच्या बाथरूमचा कोबा बघायचा राहिलाय."

टॉवरचा सातवा स्लॅब पडला तो दिवाळीच्या तोंडावर. काकांच्या घरच्या कालनिर्णयावर प्रत्येक स्लॅबची तारीख असते. काकूंची संकष्टी आणि काकांचा स्लॅब पुष्कळदा एकाच चौकटीत येतात, मग पुढे सातवा दिवस, चौदावा दिवस, टेकू कधी काढायचे ते. दिवाळीला मजूर गावी गेले, साहेबही गेला. जागेवर एकटा वॉचमन. गोणपाटात गुंडाळलेले कॉलम लक्ष्मीपूजनाच्या दुपारी कोरडे ठणठणीत झालेले काकांना गॅलरीतून दिसले. आयुष्यात पहिल्यांदा काकांनी कुंपण ओलांडलं. वॉचमनला चकल्यांचा डबा दिला, पाइप घेतला आणि जिन्यानं वर चढले. संध्याकाळी सोसायटी फटाके बघायला गच्चीवर गेली, तर समोरच्या अर्धवट इमारतीत, टेकूंच्या जंगलात, नवा सदरा घातलेला एक माणूस खांबांना पाणी घालत होता. काकूंनी कठड्यावरून हाक मारली, "अहो, आपल्या गॅलरीतली तुळस वाळली!" पलीकडून उत्तर आलं, "तिला माती आहे!"

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की अशा माणसाचं स्वतःचं घर कसलं भक्कम असेल. काका राहतात तो फ्लॅट त्यांनी विकत घेतलेला, दुसऱ्यानं बांधलेला. त्यातल्या पोकळ टाइल्स त्यांना माहीत आहेत आणि त्या विषयावर घरात बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. स्वतःचं घर ते बांधताहेत गावी, वडिलांच्याच जागेवर. निवृत्तीच्या पैशातून काम सुरू केलं. फक्कीनं आखणी झाली, कर्ण मोजून काटकोन तपासले, कठीण मुरूम लागेपर्यंत पाया खोदला, प्लिंथ बीम पडला, एकवीस दिवस पाणी मारलं. जोतं तयार झालं. ते आजही जोतंच आहे.

कारण त्यानंतर वाळू आली, ती ग्लासात नापास झाली. विटा आल्या, त्या भद्द वाजल्या. नदीच्या वाळूवर बंधनं आली म्हणून क्रश सँड मागवली. तिच्यात भुकटी जास्त. चिरा लावावा म्हणून कोकणातून जांभ्याचा ट्रक आला, त्यातला प्रत्येक तिसरा दगड काकांनी खिळ्यानं खरवडून परत भरला. ट्रकवाला चिपळूणपर्यंत शिव्या देत गेला असावा. सिमेंटच्या गोण्या एकदा आणून ठेवल्या होत्या, पण तीन महिने उलटले की सिमेंटची ताकद घटते, म्हणून त्या गावातल्या गटारीच्या कामाला दिल्या. त्या गटारीला अजून तडा नाही.

तसा जोत्याचा गावाला फार उपयोग आहे. तालुक्यात इतकी सपाट जागा दुसरी नाही. सुगीत तिथे भात वाळतो, शेंगा वाळतात, गुरुवारी भजन होतं, निवडणुकीत सगळे पक्ष पाळीपाळीनं सभा घेतात. पोरं तिथे गोट्या खेळत नाहीत, कारण गोटी ठेवली तिथेच थांबते. काकू मे महिन्यात गावी जातात तेव्हा संध्याकाळी जोत्यावर चढतात. तिथे त्यांनी स्वतः फक्कीनं स्वयंपाकघर आखलं आहे. ओटा पूर्वेला, मोरी कोपऱ्यात, देवघराला वेगळी चौकट. पावसात आखणी पुसते, पुढच्या वर्षी पुन्हा आखतात. मागच्या वर्षी त्यांनी ओटा दोन फूट सरकवला.

तेव्हा वाचकांना एक विनंती. कराड-पाटण भागात खणखणीत वाजणारी वीट आणि गाळ नसलेली वाळू कोणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवा. भाव काहीही असू दे. फक्त माल काकांना दाखवू नका. परस्पर काकूंकडे पाठवा.